नलारबॉर ते पर्थ: कॅम्पर व्हॅनच्या प्रवासातले शेवटचे चार दिवस कसे आखावेत

ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून भाड्याची कॅम्पर व्हॅन (आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन पर्थला पोहोचवण्याचा प्रवास बहुतेक जण सुरुवातीकडून आखत येतात आणि वाटेतल्या नलारबॉरच्या पठारावर पोहोचेपर्यंत हाती किती दिवस उरले आहेत हे मोजत नाहीत. त्यामुळे आयर द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर दोन मुक्काम सुखाने वाढतात आणि त्यांची भरपाई शेवटी, रस्त्यावर कांगारू असण्याच्या वेळी, अंधारात गाडी हाकून करावी लागते. या लेखात नलारबॉर रोडहाउसपासून (रोडहाउस म्हणजे महामार्गावरचा पंप, उपाहारगृह आणि मुक्कामाची जागा) पर्थपर्यंतच्या सुमारे १,६२० किलोमीटरचा विचार केला आहे आणि तो उलट्या दिशेने, म्हणजे व्हॅन परत करण्याच्या वेळेपासून मागे मोजत, करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काम: परतीची वेळ पक्की करणे

भाड्याच्या करारात व्हॅन परत घेण्याची वेळ दिलेली असते. पुष्कळ कंपन्यांचे डेपो दुपारी तीन-चारच्या सुमारास बंद होतात, काही रविवारी उघडत नाहीत आणि सार्वजनिक सुट्टीला बहुतेक बंद असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सुट्ट्या इतर राज्यांपेक्षा वेगळ्या आहेत, हे इथे लक्षात ठेवावे. जूनचा पहिला सोमवार तिथे राज्यदिनाची सुट्टी असते, तर राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, जी दक्षिण ऑस्ट्रेलियात जूनमध्ये येते, ती तिथे सप्टेंबरच्या अखेरीस येते. ॲडलेडमध्ये घेतलेल्या दिनदर्शिकेवर विसंबून पर्थच्या डेपोची वेळ ठरवू नये.

समजा, शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत व्हॅन द्यायची आहे. तर गुरुवारची रात्र डेपोपासून तासाभराच्या अंतरावर काढायची, म्हणजे शुक्रवारची सकाळ झाडलोट, टाक्या रिकाम्या करणे आणि इंधन भरणे यांसाठी मोकळी राहते. त्यामागे बुधवारी कॅराली रॉक्स, मंगळवारी बॅलाडोनिया, सोमवारी मदूरा आणि रविवारी रात्री नलारबॉर रोडहाउस, असे मुक्काम येतात. रविवारी रोडहाउसच्या पूर्वेचे सेडूना हे गाव सोडलेले नसेल तर पुढचे काहीतरी गाळावे लागेल. आणि गाळायचेच असेल तर स्थळ गाळावे, झोप किंवा दिवसाउजेडाचे तास गाळू नयेत.

सेडूनामध्ये करायची खरेदी, किंवा न करायची

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर पोहोचण्यापूर्वीचे शेवटचे मोठे किराणा दुकान सेडूनाला आहे. तिथून सीमा सुमारे ४८० किलोमीटरवर आहे, आणि सीमेनंतरचे पहिले खरे दुकान थेट नॉर्समनला, आणखी सुमारे ७२० किलोमीटरवर आहे. मधल्या रोडहाउसमध्ये ब्रेड, दूध, गोठवलेले ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ), चिप्स मिळतात. ताज्या भाजीची आशा धरू नये. त्यातच दक्षिण ऑस्ट्रेलियातून पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना सीमेवर कृषी तपासणी नाके आहे. ते चोवीस तास चालू असते, प्रत्येक वाहन थांबवले जाते आणि ताजी फळे, भाज्या, मध, रोपे, माती यांसारख्या वस्तू काढून घेतल्या जातात. फळमाशीसारख्या किडी आणि रोग राज्यात येऊ नयेत यासाठी ही व्यवस्था आहे. माल जाहीर न केल्यास दंड होतो. जाहीर केला तर फक्त माल जातो.

मराठी स्वयंपाक करणाऱ्यांना या नाक्याची झळ इतरांपेक्षा जास्त बसते, कारण आपल्या शिध्यातल्या नेमक्या रोजच्या वस्तू त्यात अडकतात. कांदे, बटाटे, टोमॅटो, मिरच्या, आले, कोथिंबीर, लिंबे, हे सारे सेडूनाहून फक्त दीड-दोन दिवसांपुरतेच घ्यावे. ताज्या कढीपत्त्याबद्दल विशेष सांगायला हवे: पाने म्हणजे मसाला, असे आपल्याला वाटते, पण कढीपत्त्याचे झाड लिंबूवर्गीय कुळातले आहे आणि त्या कुळाच्या पानांकडे ऑस्ट्रेलियातले कृषी अधिकारी फार बारकाईने पाहतात. घरामागच्या झाडाची पाने ॲडलेडच्या कुणा स्नेह्याने प्रेमाने दिली असतील, तर ती नाक्याआधीच्या फोडणीत संपवावीत.

यावर उत्तम उपाय म्हणजे नलारबॉर रोडहाउसच्या मुक्कामी उरलेल्या सगळ्या भाजीचा स्वयंपाक करून टाकणे. कांदा-टोमॅटो तेलावर चांगला परतून त्यात आले-लसूण आणि गोडा मसाला घालून वाटणाचा डबा फ्रिजमध्ये ठेवला, तर पुढचे दोन दिवस डाळ, डब्यातले छोले, अंड्यांचा रस्सा यांपैकी काहीही वीस मिनिटांत होते. पूर्ण शिजवलेले अन्न सहसा नेऊ देतात. तरीही डबा अधिकाऱ्याला दाखवावा आणि आत काय आहे ते सरळ सांगावे. दूध, दही, पनीर यांची अडचण येत नाही. कच्चे शेंगदाणे, अख्खी कडधान्ये आणि बियांची पाकिटे मात्र एका पिशवीत वेगळी काढून ठेवावीत, कारण त्यांच्याबद्दल प्रश्न हमखास विचारला जातो. सुटी, लेबल नसलेली पुरचुंडी पाहून अधिकारी थबकतात. दुकानाच्या मूळ पाकिटातल्या डाळीवर ते फार वेळ घालवत नाहीत.

नाक्यावर अधिकारी फ्रिज, कपाटे आणि गाडीखालची खणेही उघडतात. बुटांच्या तळाला, तंबूच्या खुंट्यांना आणि मडगार्डला लागलेला चिखल आधीच खरवडून काढलेला बरा. उलट दिशेने, म्हणजे पर्थहून ॲडलेडला जाणाऱ्यांची अशीच तपासणी सीमेवर न होता सेडूनाला होते.

पहिला दिवस: नलारबॉर रोडहाउस ते मदूरा, सुमारे ३८० किलोमीटर

सीमेपर्यंतच्या १८७ किलोमीटरमध्ये रस्ता समुद्राच्या अगदी जवळून जातो आणि डाव्या हाताला बुंडा कड्यांकडे जाणारे फाटे लागतात. मे ते ऑक्टोबरदरम्यान हेड ऑफ बाइट इथे देवमासे पिलांसह येतात. पण ते ठिकाण रोडहाउसच्या पूर्वेला असल्यामुळे आदल्या दिवशीच उरकायला हवे. आज कड्यांवर दोनदा थांबणे पुरेसे आहे. कड्याची कड खालून पोखरलेली असते, म्हणून कुंपण किंवा खुणा असतील त्यापुढे पाऊल टाकू नये.

सीमेपासून १२ किलोमीटरवर युक्ला आहे. १८७७ साली सुरू झालेले इथले तार कार्यालय आज वाळूच्या टेकड्यांत अर्धे गाडले गेले आहे. ते पाहायला तासभर द्यावा, जास्त नाही. त्यानंतर रस्ता कड्याखालच्या रो मैदानात उतरतो, ६६ किलोमीटरवर मुंड्राबिला आणि पुढे ११६ किलोमीटरवर मदूरा लागते.

आता घड्याळाविषयी. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वेळ भारतापेक्षा चार तास पुढे असते आणि उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत, पाच तास. पर्थची वेळ बारा महिने अडीच तास पुढे असते. या दोहोंच्या मध्ये, सीमेपासून कायगुनाच्या अलीकडेपर्यंत, रोडहाउसवाले स्वतःचे तिसरे घड्याळ पाळतात, ते पर्थच्या पाऊण तास पुढे चालते. हे घड्याळ अधिकृत नसल्यामुळे मोबाइलवर ते आपोआप दिसेल असे धरून चालू नये. उपाहारगृहाच्या आणि पंपाच्या वेळा भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे असतात.

पश्चिमेला जाणाऱ्याला वाटते की आपल्याला दीड तास फुकट मिळाला. प्रत्यक्षात सूर्य कुणाला काही देत नाही. घड्याळ मागे गेल्यामुळे सूर्यास्ताचा आकडाही मागे जातो, आणि जूनमध्ये बॅलाडोनियाला पर्थच्या वेळेनुसार पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. म्हणून या रस्त्यावर मुक्कामाची वेळ आकड्यांत ठरवू नये. सूर्यास्ताच्या किमान एक तास आधी इंजिन बंद, हा नियम ठेवावा. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्याकडेच्या गवतावर येतात. अनेक भाडेकरारांत गावाबाहेर रात्री गाडी चालवण्यास मनाई असते किंवा त्या वेळी जनावराला धडक बसल्यास विमा लागू होत नाही. करारातले हे कलम निघण्याआधी वाचलेले असावे.

दुसरा दिवस: मदूरा ते बॅलाडोनिया, सुमारे ३४० किलोमीटर

मदूरा सोडल्यावर रस्ता घाट चढून पुन्हा पठारावर जातो. वरच्या थांब्यावरून मागे पाहिल्यास रो मैदानाचा सपाट विस्तार नीट दिसतो. पुढे ९२ किलोमीटरवर कॉकलबिडी आणि ६५ किलोमीटरवर कायगुना. कायगुनापासून पाचेक किलोमीटर पश्चिमेला जमिनीत एक भोक आहे, त्यातून खालच्या चुनखडीच्या गुहांची हवा आत-बाहेर होत असते. दहा मिनिटांचा थांबा आहे, आणि पुढच्या टप्प्याआधी पाय मोकळे करायला तो उपयोगी पडतो.

कारण यानंतर १४६.६ किलोमीटरचा, एकही वळण नसलेला रस्ता सुरू होतो. त्याची छायाचित्रे पुष्कळ निघतात, पण तिथला खरा धोका डुलकीचा आहे. सपाट रस्ता, एकसारखा वेग आणि दुपारचे जेवण यांचा मेळ इथे फार वाईट बसतो. दोन चालक असतील तर या टप्प्याच्या मध्यावर बदल करावा. एकटा चालक असेल तर जेवण बॅलाडोनियाला पोहोचल्यावर घ्यावे आणि कायगुनाला फक्त चहा घ्यावा. मागून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक) आली तर वेग वाढवू नये, गाडी आपल्या पट्ट्यात स्थिर ठेवावी आणि ती पुढे जाताना बसणाऱ्या वाऱ्याच्या धक्क्यासाठी सुकाणू दोन्ही हातांनी धरावे. आपण तिला ओलांडणार असू तर तीस मीटरांहून लांब वाहनाला ओलांडायला किती रस्ता लागतो याचा अंदाज भारतातल्या सवयीने करू नये. रस्त्यावर मध्येच विमानाच्या धावपट्टीसारखे पांढरे पट्टे दिसतात. ती विमानाने वैद्यकीय मदत पोहोचवणाऱ्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवेची आणीबाणीची धावपट्टी आहे, तिथे गाडी उभी करू नये.

इंधनाची चिंता या भागात लोक गरजेपेक्षा जास्त करतात. दोन पंपांमधले सर्वांत मोठे अंतर १९१ किलोमीटर, बॅलाडोनिया ते नॉर्समन, आहे आणि कोणतीही व्हॅन ते सहज कापते. अडचण किमतीची आणि वेळेची असते: रोडहाउसचा भाव शहरापेक्षा बराच चढा असतो आणि रात्री पंप बंद असू शकतो. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये, पण नॉर्समन जवळ आल्यावर महागडे इंधन गळ्यापर्यंतही भरू नये. पाण्याचे उलट आहे. पठारावर गोड्या पाण्याची खरी टंचाई आहे आणि रोडहाउसमध्ये टाकी फुकट भरून मिळेल असे समजू नये. माणशी रोजचे पाच लिटर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी, असा हिशेब सेडूनालाच करून पाणी भरावे. भांडी आधी कागदाने पुसून मग थोड्या पाण्यात धुवावीत.

बॅलाडोनियाच्या रोडहाउसमध्ये छोटे संग्रहालय आहे आणि तिथे स्कायलॅबची गोष्ट मांडली आहे. १९७९ च्या जुलैत ही अमेरिकी अंतराळ प्रयोगशाळा कोसळली, तिचे तुकडे याच प्रदेशात पडले आणि एस्परन्सच्या स्थानिक परिषदेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड गमतीने ठोठावला. भारतातही त्या दिवसांत स्कायलॅबची केवढी धास्ती होती, हे पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल.

तिसरा दिवस: बॅलाडोनिया ते कॅराली रॉक्स, सुमारे ४९० किलोमीटर

हा सर्वांत लांब दिवस असल्यामुळे उजाडल्यावर, सूर्य पुरता वर येताच निघावे. उघड्या पठारानंतर आज झाडे परत येतात. नॉर्समनच्या आसपासचे युकॅलिप्टसचे रान ग्रेट वेस्टर्न वुडलँड्सचा भाग आहे, सुमारे १.६ कोटी हेक्टरांवर पसरलेले हे समशीतोष्ण वन जगातल्या अशा अखंड वनांपैकी सर्वांत मोठे मानले जाते. तांबूस, गुळगुळीत खोडाचे सॅमन गम वृक्ष सकाळच्या उन्हात पाहावेत.

आतापर्यंत ज्यावरून आलो तो आयर हायवे नॉर्समनला संपतो. येथे तीन कामे उरकावीत: इंधन, ताजी भाजी आणि संडासाची टाकी डंप पॉइंटवर (व्हॅनच्या टाक्यांतला मैला ओतण्याच्या ठरलेल्या जागी) रिकामी करणे. भाजी घेताना उरलेल्या जेवणांची संख्या मोजावी. इथून पुढे फक्त चार जेवणे उरलेली असतात, म्हणजे दोन कांदे पुरतात, दोन किलोंची जाळी नको.

कूलगार्डीपर्यंत १६६ किलोमीटर. तिथून कॅलगुर्लीची सोन्याची प्रचंड खाण ४० किलोमीटरवर राहते. जाऊन-येऊन, पाहून तीन तास मोडतात, आणि या आखणीत ते तीन तास नाहीत. कॅलगुर्ली पाहायचीच असेल तर एक पूर्ण दिवस वाढवावा. घाईने खड्ड्याच्या काठावर उभे राहून परत फिरण्यात मला अर्थ वाटत नाही. कूलगार्डीचा रुंद मुख्य रस्ता आणि १८९२ च्या सोन्यानंतर उभ्या राहिलेल्या भव्य इमारती चहाच्या थांब्यात दिसतात.

कॅराली रॉक्स सदर्न क्रॉसच्या पूर्वेला ५० किलोमीटरच्या आसपास, हायवेपासून थोडे आत आहे. ग्रॅनाइटच्या उघड्या खडकावरचे पावसाचे पाणी दगडी बांधांनी वळवून धरणात साठवण्याची ही जुनी रेल्वेची व्यवस्था आहे, आणि शेजारी तंबू-व्हॅनसाठी जागा आहे. आत जाणारा रस्ता कच्चा असल्यामुळे भाडेकरारात तळापर्यंतच्या कच्च्या रस्त्याला परवानगी आहे का ते पाहावे. नसेल तर सदर्न क्रॉसच्या कॅरव्हॅन पार्कपर्यंत जावे. शेकोटीपूर्वी त्या दिवशीचे आगीबाबतचे निर्बंध तपासावेत. संपूर्ण आगबंदी जाहीर झालेल्या दिवशी लाकडाची शेकोटी कुठेही पेटवता येत नाही.

या रात्री सामानाची पहिली छाननी करावी. सगळे बाहेर काढून तीन ढीग लावावेत: बरोबर न्यायचे, देऊन टाकायचे, उद्या लागणारे. शेवटच्या सकाळी हे करायला गेल्यास सगळेच बरोबर न्यायच्या ढिगात जाते आणि विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरावे लागतात.

चौथा दिवस: कॅराली ते पर्थच्या टेकड्या, सुमारे ३७५ किलोमीटर

आज दिवसभर रस्त्याला समांतर एक जाड पोलादी नळ दिसत राहतो. मंडेरिंगच्या धरणाचे पाणी ५३० किलोमीटर दूर कॅलगुर्लीला नेणारी ही योजना सी. वाय. ओ'कॉनर या अभियंत्याने आखली. १९०३ च्या जानेवारीत पाणी पोहोचले, पण ते पाहायला तो हयात नव्हता. कंडरडिनला तिसऱ्या क्रमांकाचे जुने पंपगृह आता संग्रहालय आहे. पाण्याचा थेंब मोजत दोन दिवस काढलेल्या प्रवाशाला हे पंपगृह सोन्याच्या खाणीहून जास्त बोलके वाटते, निदान मला तसे वाटते.

मेरेडिननंतर गव्हाची शेते, धान्याची कोठारे आणि वाढती रहदारी लागते. शेवटच्या रात्रीसाठी चिडलोजवळचे लेक लेशेनॉल्टिया किंवा टेकड्यांमधले एखादे कॅरव्हॅन पार्क आधीच आरक्षित करावे. शहरात समुद्रकिनाऱ्यावर व्हॅनमध्ये झोपण्याचा मोह टाळावा. स्थानिक परिषदांचे रेंजर पहाटे येतात आणि दंडाची पावती लावून जातात.

दुपारी तीनपर्यंत पोहोचल्यास तंबू, चटया, झोपायच्या पिशव्या उन्हात पसराव्यात. ओला तंबू बांधून नेल्यास भारतात पोहोचेपर्यंत त्याला बुरशी लागलेली असते, आणि वाटेत न्यूझीलंडसारखा देश असेल तर मातीचा एक कणही तिथे चालत नाही. बुटांचे तळ ब्रशने घासावेत.

व्हॅनच्या आतल्या भागात विशेष काळजी हळदीची घ्यावी. पांढऱ्या लॅमिनेटवरचा किंवा प्लास्टिकच्या फळीवरचा पिवळा डाग साबणाने जात नाही. खाण्याचा सोडा लावून धुवावे आणि जी वस्तू बाहेर काढता येते ती दुपारभर उन्हात ठेवावी, कारण हळदीचा रंग उन्हात विटतो. फोडणीचा वास जाण्यासाठी रात्रभर खिडक्या किलकिल्या ठेवाव्यात.

उरलेला शिधा कॅरव्हॅन पार्कच्या स्वयंपाकघरात ठेवता येतो. तिथे मागे राहिलेल्या वस्तूंसाठी फडताळ असते. न उघडलेला तांदूळ, मीठ, तेल तिथे लगेच उचलले जाते. मसाल्याच्या पाकिटांवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहून ठेवावे, किंवा पर्थमध्ये कुणी मराठी ओळखीचे असेल तर ती थेट त्यांनाच द्यावीत. खुर्च्या आणि भांडी धर्मादाय दुकानांत घेतात, मात्र दुकान बंद असताना दारात टाकून येणे हा कचरा टाकण्याचाच गुन्हा ठरतो. पेयांच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे परतावा केंद्रावर दिल्यास नगामागे १० सेंट मिळतात.

पाचवी सकाळ: व्हॅन परत करणे

क्रम असा ठेवावा: प्रथम संडासाची टाकी आणि सांडपाण्याची टाकी डंप पॉइंटवर रिकामी करणे, मग बाहेरची धूळ धुणे, मग आतली झाडलोट आणि शेवटी, डेपोच्या अगदी जवळ, इंधन. पश्चिम ऑस्ट्रेलियात पंपांना उद्याचा भाव आजच जाहीर करावा लागतो आणि सकाळी सहापासून चोवीस तास तो बदलता येत नाही; सरकारच्या फ्युएलवॉच या सेवेवर तो आदल्या दुपारीच दिसतो, त्यामुळे सर्वांत स्वस्त पंप रात्रीच हेरून ठेवता येतो. पावती जपून ठेवावी. टेकड्यांवरून शहरात उतरताना ग्रीनमाउंटचा उतार तीव्र आहे, तिथे ब्रेकवर पाय दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये उतरावे. पर्थमध्ये टोलचे रस्ते नाहीत, तेवढी एक भानगड वाचते.

डेपोत शिरण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी, छताच्या कडा, चाके, समोरची काच, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा यांचे चित्रीकरण करावे. काचेवर खड्याचा टवका उडाला असेल तर तो स्वतःहून दाखवावा. बाहेरचा गॅस सिलिंडर बंद केलेला, भांड्यांची यादी ताडून पाहिलेली आणि फ्रिज पुसलेला असावा. तपासणी झाल्याची सही किंवा ईमेल घेतल्याशिवाय टॅक्सी बोलावू नये.

विमानतळावर जाताना आपले टर्मिनल पुन्हा पाहून घ्यावे. पर्थला टर्मिनल १ आणि २ एकीकडे, तर ३ आणि ४ धावपट्टीच्या दुसऱ्या बाजूला आहेत आणि त्यांच्यातला बसप्रवास पाव तासाचा आहे. स्टोव्हच्या गॅसच्या कुप्या, भरलेल्या असोत वा अर्ध्या, कोणत्याही सामानात चालत नाहीत. पॉवर बँक हातातल्या सामानात, चाकू आणि खुंट्या चेक-इनच्या सामानात. एकाच विक्रेत्याकडून जाण्यापूर्वीच्या ६० दिवसांत ३०० डॉलर किंवा अधिक किमतीचे सामान घेतले असेल, उदाहरणार्थ तंबू आणि झोपायच्या पिशव्या, तर त्यावरचा जीएसटी परत मिळतो. त्यासाठी कराची पावती आणि वस्तू दोन्ही दाखवाव्या लागतात, म्हणून तंबूसारखी मोठी वस्तू चेक-इनला देण्यापूर्वीच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावी आणि पासपोर्ट तपासणीनंतरच्या परतावा खिडकीवर विमान सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी पोहोचावे.